अकराच हजर

शाळा बंद झाल्याचा कागद वाडीला मीच वाचून दाखवला. त्या शाळेचा एकुलता गुरुजी मी, आणि असले सरकारी कागद मोठ्यानं वाचायचं काम वाडीत गुरुजीचंच असे.

जानेफळहून आत उतरणाऱ्या बैलगाडीच्या वाटेवर, नाल्याच्या काठानं वसलेली ही चाळीसेक घरांची वाडी. भाजीपाला करणाऱ्या माळ्यांची घरं जास्त, नाल्याच्या अंगाला पाच-सहा घरं बौद्धांची. मी बुलढाण्यात वाढलेला, तेवीस वर्षांचा, पहिलीच नेमणूक. शाळा म्हणजे एक खोली. दगडमातीच्या भिंती, वर टिनपत्रे. जागा एका माळी म्हाताऱ्यानं दिलेली. त्याला सारी वाडी आबा म्हणे, मीही म्हणू लागलो. चार वर्ग चार कोपऱ्यांत बसत आणि मी मधे. पाण्याचा माठ एकच होता, पेलाही एकच, आणि सगळी लेकरं त्यातूनच पाणी पीत. ती रीत माझ्या आधीच्या गुरुजींनी पाडलेली. मला वाटे, सगळ्या शाळांत असंच असेल.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरींचा तळ दिसला. भाजीचे वाफे नुसते आखलेलेच राहिले. एकेक घर दूरच्या तलावाच्या कामावर गेलं. माती वाहायला माणसं लागत होती. मायबाप गेले की लेकरंही जात, तिथंच झोपडी करून राहत. माझ्या पटावर चौतीस नावं होती. दिवाळीनंतर यायची अकरा.

रोज सकाळी मी हजेरी घेई. नाव घ्यायचं, उत्तर नाही, गैरहजर मांडायचं. आबांना ते दिसत होतं. ते शाळेच्या ओट्यावर उन्हाला बसलेले असत.

एकदा म्हणाले, "गुरुजी, हजर मांडून टाका ना. कायले एवढे गैरहजर लिवता?"

"आबा, नसलेलं लेकरू हजर कसं मांडू?"

"नसलं कसं बाप्पा? आहे ना. तलावावर आहे. पाणी पडलं की येते वापस."

मी हसलो. त्यांना खोट्या नोंदी म्हणजे काय, नोकरी जाते म्हणजे काय, असं बरंच समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी मात्र त्या दिवशी स्वतःवर खूश होतो.

फाल्गुनाच्या सुमारास तपासणीला साहेब आले. सायकल हातात धरून, घामानं निथळत आले, कारण नाल्यातल्या रेतीत चाक चालेना. माणूस वाईट नव्हता. अकरा लेकरांना त्यांनी पाढे विचारले. तिसरीत एक मुलगी होती, बौद्धांच्या घरातली. तिची माय तिला आजीजवळ ठेवून तलावावर गेली होती, म्हणून ती शाळेत होती. साहेबांनी फळ्यावर लांबलचक भागाकार घातला, तिनं तो उभ्या उभ्या सोडवला. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझं हजेरीपत्रक महिन्यामहिन्यानं उलटत गेले.

जाताना म्हणाले, "गुरुजी, इतकी खरी हजेरी मला फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते."

मी ते वाक्य पत्रात लिहून वडिलांना कळवलं.

त्याच हजेरीवरून हुकूम निघाला. जूनमध्ये शाळा उघडायच्या आठवड्यातच कागद आला. पट टिकत नसल्यामुळे वाडीची शाळा दीड कोसावरच्या मोठ्या गावच्या शाळेत सामील करावी, सामान तिकडे जमा करावं, आणि शिक्षकानंही तिकडेच हजर व्हावं. तोवर पेरणीसाठी माणसं परत आली होती. मी कागद वाचला तेव्हा शाळेपुढच्या पारावर बरीच जमली होती.

 वाचून झाल्यावर एका बाईनं विचारलं, "म्हंजे काय झालं?" भागाकार सोडवणारी ती मुलगी आता चौथीत जाणार होती, तिची ही माय. तलावावरून नुकतीच आलेली, तळहाताला चिंध्या बांधलेल्या.

"इथली शाळा बंद. लेकरांनी त्या गावाला जायचं."

"काऊन बंद?"

"लेकरं कमी आहेत म्हणून."

"कमी कुठी आहेत?" असं म्हणून तिनं मागं वळून पाहिलं. आबा उठले आणि त्यांनी हाक दिली. घराघरांतून लेकरं आली. आबांनी त्यांना शाळेच्या भिंतीला लागून एका रांगेत उभं केलं. लहानगी हसत होती, त्यांना खेळ वाटला. आबांनी एकेकाच्या डोक्यावर बोट ठेवत मोजली. चौतीस पटावरची आणि सहा नवी, यंदा पहिलीत बसायची.

"चाळीस झाली. लिवा आता, गुरुजी."

माझ्या हातात कागद होता तो हुकमाचा. त्यावर लिहायला जागा नव्हती, आणि असती तरी माझ्या लिहिण्याला आता काही अर्थ नव्हता.  लेकरं तशीच रांगेत होती. त्यांना जा म्हणायचंही मला सुचलं नाही, आबांनीच पाठवलं.

दोन दिवसांनी मी, आबा आणि ती बाई, असे तिघं मेहकर-चिखली करत एसटीनं बुलढाण्याला शिक्षण खात्याच्या कचेरीत गेलो. बाईला आबांनीच सोबत घेतलं. म्हणाले, "माय बोलली तं ऐकतीन." साहेब दौऱ्यावर होते. दुसरे साहेब होते, ते बैठकीत. दुपार व्हरांड्यात गेली. आबांनी वहाणा काढून पायरीखाली ठेवल्या होत्या, त्यांवर ऊन आलं तसं ते उठून त्या सावलीत सरकवत राहिले. शेवटी एका बाबूनं आमचा अर्ज घेतला. तो सभ्यपणे बोलला. म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला तर माहीत आहे. आकडे तुमचेच आहेत. तुमच्याच आकड्यांवर तुम्ही अर्ज करता."

आबांना हे कळलं की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाबूनं अर्जावर शिक्का मारला.

"शिक्का मारला म्हंजे झालं काय?" बाहेर आल्यावर बाईनं मला विचारलं.

"बघू," मी म्हणालो.

त्या अर्जाचं उत्तर कधीच आलं नाही.

सामान न्यायला आबांचीच गाडी जुंपली, वाडीत दुसरी रिकामी नव्हती. कपाट, खुर्ची, नकाशा, घंटा म्हणून टांगलेला लोखंडाचा तुकडा. माणसं चढवू लागली. फळा काढताना ती बाई पुढं आली.

"फळा राहू द्या, गुरुजी. लेकरं गिरवतीन काही."

"बाई, फळा वहीत नोंदलेला आहे. तिकडे जमा करावा लागतो."

"तिथी फळा नाई का?"

"आहे. तीन आहेत."

ती बाजूला झाली. फळा चढवला. भिंतीवर त्याच्या जागी चौकोनी पांढुरका डाग राहिला. गाडी निघाली तशी लेकरं नाल्यापर्यंत मागं पळत आली.

वाडीतली माझी खोली मी सोडली नाही. मला वाटलं, आपण रोज लेकरांना घेऊन चालत जाऊ, म्हणजे त्यांची शाळा सुटणार नाही. पहिल्या दिवशी एकोणीस लेकरं निघाली. अगदी लहान असलेल्यांना घरच्यांनी ठेवूनच घेतलं होतं. मुलगी सगळ्यांच्या पुढं चालत होती. तिनं तेल लावून वेणी चापून घातली होती, आणि नव्या शाळेत चौथीला किती मुलं असतील, हे ती मला सारखं विचारत होती.

चौथीत अठ्ठावीस मुलं होती. मला मात्र दुसरीचा वर्ग मिळाला.

मधल्या सुटीत पाणी प्यायला सगळे व्हरांड्यात गेले. तिथं दोन माठ होते. वाडीच्या सवयीनं मुलीनं जवळच्या माठातला पेला उचलला. पोरांनी एकच गलका केला. शिपाई धावत आला, त्यानं तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि दुसऱ्या माठाकडे बोट दाखवलं. "तुमचं तिकडं. हात लावू नको, मी वरून ओततो." मी पोहोचलो तोवर ती ओंजळ न करताच मागं फिरली होती.

मी हेडमास्तरांकडे गेलो. वयानं मोठे, शांत गृहस्थ. त्यांनी दार लोटून घेतलं. "तुमचं बरोबर आहे हो. कायदा आपल्या बाजूनं आहे. पण हे गाव आहे. मी उद्या माठ एक केला, तर परवा निम्मी पोरं घरी बसतील. मग इथलाही पट गेला. तुम्हाला तर त्याचा अनुभव आहे."

 दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या वर्गात एक तांब्या ठेवला आणि वाडीच्या लेकरांना त्यातून पाणी देऊ लागलो. म्हणजे मीही तिसरा माठ मांडला, एवढंच. माळ्यांची लेकरं आठवड्याभरात पहिल्या माठाकडे गेली, त्यांना कोणी अडवत नव्हतं. तांब्यातून पिणारी पाचच उरली. मुलगी तर त्यालाही शिवली नाही. सकाळी घरून पिऊन येई, संध्याकाळी घरी जाऊन पिई. वाटेत मी विचारलं की म्हणे, "तहान नाई लागली, गुरुजी."

आषाढात नाला भरला. सकाळी गुडघाभर असलेलं पाणी संध्याकाळी कमरेला लागे. एका संध्याकाळी दुसरीतल्या पोराचा पाय घसरला. मी त्याला केसांना धरून काढला. दप्तर गेलं, पोर वाचलं. पण दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर फक्त सात जण निघाले, पुढच्या आठवड्यात चार. आणि मग सोमवारी मुलगी आली नाही.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. ती दारात धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती, मला पाहून आत गेली. तिच्या मायनं मला खाट दिली आणि स्वतः उंबऱ्याशी बसली.

"बाई, पोरगी हुशार आहे. चौथीची परीक्षा तरी होऊ द्या. नाल्यातून मी स्वतः उचलून नेतो."

"नाल्याचं भेव नाई मले, गुरुजी. नाला उतरते."

तिनं आत पोरीकडे पाहिलं.

"तलावावर आमी सारे एका पिंपातून पाणी पेलो. दुष्काळात चाललं. आता पाणी पडलं तं माही पोरगी दिवसभर तहानेली राह्यते. तुमी असून राह्यते. मी कायच्या भरवशावर पाठवू?"

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. 

मी म्हणालो, रोज संध्याकाळी वाडीतच शिकवतो. आबांनी जुनी खोली झाडून दिली. दहाबारा लेकरं येत, मुलगीही येई. खडूनं मी भिंतीवरच लिही. पण दिवसभर शेतात निंदणाला जाऊन आलेली ती. हिशेब सोडवता सोडवता तिचे डोळे मिटत. आणि गणेशचतुर्थीच्या सुमारास माझी बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. ती मी मागितली नव्हती. रद्द करून घ्यायला अर्ज केला, तोही कुठंतरी शिक्का लागून राहिला. आबा मला सोडायला जानेफळपर्यंत आले. बसमध्ये चढताना मी म्हणालो, "आबा, तेव्हा तुमचं ऐकायला पाहिजे होतं."

ते म्हणाले, "आता कायले काढता ते?" आणि माझी ट्रंक वर चढवू लागले.

वाडीत पुन्हा शाळा सुरू झाली, पण त्याला दहा-बारा वर्षं लागली. आबा तोवर गेले होते. हे मला त्या मुलीनंच सांगितलं. खूप वर्षांनी एकदा कामानिमित्त डोणगावला गेलो असता बाजारात मिरच्यांचा ढीग मांडून बसलेल्या एका बाईनं मला गुरुजी म्हणून हाक मारली. मला ओळख पटेना, तिनंच पटवून दिली. तिच्या भावाची लेकरं वाडीतल्या शाळेत जातात, म्हणाली. माय बरी आहे, डोळ्यानं कमी दिसतं.

मी विचारलं, "आणि तू? वाचतेस काही?"

"वाचता येते ना. एसटीच्या पाट्या वाचतो. लिवाचं सुटलं." ती हसली. "हात वळत नाई आता."

मला तिला बरंच सांगायचं होतं. पण गिऱ्हाईक आलं, तिनं तागडी उचलली, आणि मी बाजूला सरलो.