निराकाराचा हात

परवा वाशीच्या मार्केटात कुणीतरी नारळ फोडला आणि त्या ओल्या, गोडसर वासासरशी मी थेट वीसेक वर्षं मागे, खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीच्या गणपतीसमोर जाऊन उभा राहिलो.

नुकताच तत्त्वज्ञानात एम.ए. झालो होतो, त्यामुळे अंगात भलताच उत्साह. दरवर्षी सगळ्यांच्या वतीनं गाऱ्हाणं घालणाऱ्या परबांचा घसा बसला होता. कुणी काही म्हणायच्या आत मी नारळ हातात घेतला.

"हे निर्गुणा, निराकारा, तू शब्दांच्या पलीकडचा. तुझ्याबद्दल बोलावं ते अपुरंच..." मी असा रंगात आलो की विचारू नका. मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणायला तोंड उघडायची आणि मिटायची, कारण माझं मागणंच येईना.

शेवटी सावंतकाकू उसळल्या, "अरे, तो कोण आसा ता तेका ठावक आसा. उद्या ह्यांचा हार्टचा ऑपरेशन आसा, ता सांग आधी."

माझे कान तापले. पाठ केलेलं सगळं उडालं आणि तोंडातून भसकन निघालं, "बा महाराजा, सावंतकाका घाबरलेत, पण दाखवत नाहीत. उद्या त्यांचा हात धरून बस."

मीच दचकलो. निराकाराला मी हात दिला होता, वर बसायलाही सांगितलं होतं. पण देवाबद्दल मी आजवर जे काही बोललो, त्यातलं तेवढंच एक वाक्य मला आजही खरं वाटतं.

'व्हय म्हाराजा' असा गजर उठला. त्यात सगळ्यांत मोठा आवाज खुर्चीत बसलेल्या सावंतकाकांचा होता.