फोनमधल्या झाडाचे गाऱ्हाणे

साखर वाढल्यावर नवऱ्याने फोनमध्ये एक ॲप घेतले. भात कमी खाल्ला की त्यातले झाड वाढते, जास्त खाल्ला की सुकते. डॉक्टरांना आणि मला न जुमानणारा हा माणूस त्या झाडासाठी नाचणीच्या भाकरीवर आला. मग एका दुपारी बांगड्याच्या तिखल्याबरोबर भरपूर भात जेवला आणि झाड सुकले.

दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन तो ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालायला गेला. मीही गेले.

"झाड खंय आसा?" गुरवाने विचारले. नवऱ्याने फोन पुढे केला. गुरवाने देवापुढे गाऱ्हाणे घातले,

"ह्या लेकराचा झाड परत हिरवागार होवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" जमलेली मंडळी म्हणाली.

मी गुरवाला म्हटले, "ह्येंची भातावरची वासना उडांदे, ह्या पण घाला."

त्याने तेही घातले. सगळे "होय म्हाराजा" म्हणाले. नवरा तेवढा गप्प राहिला.