ओट्याची उंची

चिखलीतलं आमचं जुनं घर दुरुस्त करणारा मिस्त्री आल्या आल्या घड्याळ काढून खिडकीच्या गजाला अडकवायचा. कुणी काहीही सुचवलं तरी त्याचं उत्तर एकच, "बघू." घरभर सिमेंटची धूळ, त्यातच कोपऱ्यात शेगडी मांडून मी स्वयंपाक करायचे.

नवा ओटा बांधायच्या दिवशी तो म्हणाला, "रोज रांधतं कोण? त्याच्या कोपराच्या मापानं ओटा धरतो मी."

"आम्ही दोघंही," म्हणत नवरा ताठ उभा राहिला.

मिस्त्रीनं टेप माझ्या कोपराला धरली. "साहेब, वीस दिस झाले, मी हितंच हाय."

हल्ली नवरा अधूनमधून चहा करतो. वाकून कंबर दुखते, ओटा जरा उंच करून घेऊ, म्हणतो.

मी म्हणते, "बघू."