हामानाच्या नावाची बोंब

हसाजी दासगावकर शनवारी तेली, म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. दासगावात त्यांचा लाकडी घाणा होता. माझं उमेदीचं वय त्या घाण्यावर गेलं. शनिवारी घाणा बंद, बैलालाही सुट्टी. बाकीचे दिवस सवलत नाही. तीळ नीट वाळला नसला तर मूठ परत पोत्यात टाकून म्हणायचे, "महिपती, बैलाला फुकट फिरवू नको."

शिमग्याच्या सुमारास त्यांचा पुरीम येई. त्याला तेही होळीचा सणच म्हणत. हामान नावाच्या वजिरानं सगळ्या यहुद्यांना मारायचा घाट घातला होता, एस्तेर राणीनं वाचवलं, ती गोष्ट घरात मोठ्यानं वाचायची. हामानाचं नाव आलं की सगळ्यांनी पाय आपटायचे, डबे बडवायचे. नाव कानावर पडता कामा नये. मग पुरणपोळी, सोंगं, हसणं.

साठ सालच्या आगेमागे त्यांच्या भावाचं बिऱ्हाड इस्रायलला गेलं. दोन घरांत एकच भिंत होती. त्या वर्षी वाचायला हसाजीशेट आणि ऐकायला त्यांची बायको रिबकाबाई, एवढीच माणसं. शेटचा डावा गुडघा ओंडका पडून निकामी झालेला. रिबकाबाई दुःखानं बसून राहिल्या. हामानाचं नाव आलं आणि कुणी न वाजवता तसंच गेलं.

त्यानंतर भिंतीपलीकडे पाय वाजू लागले. मी पेंड रचताना ऐकलं. पुष्कळ पाय एकदम, मग शांत. भावाच्या घराचं कुलूप गंजलेलं होतं. फटीतून पाहिलं, तर धुळीवर एकही ठसा नव्हता. रिबकाबाईंचं जेवण तुटलं.

"तो घरात राह्यला," त्या हामानाचं नाव न घेता म्हणायच्या. "आपण हाकलला नाय."

पुढल्या पुरीमला शेटनी मला आणि कुशाबाला बोलावलं. "वाजवणारी माणसं पायजेत. हिला बरं वाटंल."

कुशाबा पेंडेची पोती वाहायचा. तो सकाळीच तोंडाला काजळी फासून, पोत्याचा झगा घालून आला. रिबकाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या, कळलं नाही.

"गो काकू, आज तुमचाबी शिमगा ना?"

"शिमगाच रे. पण नाव आल्यावरच ओरडायचं."

शेट वाचू लागले. नाव आलं. मी डबा बडवला, कुशाबानं तोंडावर पालथा हात मारून बोंब ठोकली. कौलं हादरली. रिबकाबाई उभ्या राहिल्या, पाय आपटू लागल्या. दर नावाला आवाज चढत गेला. शेट हसत होते. मी त्यांना तसं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग कुशाबा चुकला. आमच्यात शिमग्याला ज्याच्या दारात जातो त्याच्या नावानं बोंब मारतात, तो मान असतो. गोष्ट संपली तसा तो सवयीनं ओरडला, "हसाजीशेटच्या नावानं बोंऽऽब!"

माझा हात आपोआप डब्यावर पडला.

रिबकाबाई भिंतीला टेकल्या. शेटनी पोथी मिटली. पलीकडे पाय वाजले. आम्ही चौघांनीही ऐकले. एकदाच वाजले आणि थांबले.

"शेट, मान म्हनून बोललो," कुशाबा पुटपुटला.

"ठावं हाय मला." त्यांनी गुडघा चोळला. "पण या घरात ज्याच्या नावाला वाजवतात, त्यानं घरात राहायचं नसतं. तो गेला. आता मी."

"आवरा, मग," रिबकाबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी पोटभर पुरणपोळी खाल्ली.

पाऊस लागायच्या आत दोघं इस्रायलला गेली. बैल मला दिला. जाताना शेटनी घाण्याला हात लावला, म्हणाले, "कोरडा राह्यला तर फुटंल. तेल चोपड." मी चोपडत होतो, शरीर चाललं तोवर.

शिमग्याला मी अजून त्या दारावरून जातो. भिंतीपलीकडलं घर मुकं आहे. पाय वाजतात ते अलीकडं, शेटच्या घरात. पुष्कळ नाहीत, एकच जोडी. उजवा जोरात पडतो, डावा ओढत येतो.