फिटरमामांचा शब्द

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी फिटरमामांचं नाव घेईन. उमापूरच्या रस्त्यावरच्या आमच्या जिनिंगमध्ये ते मुख्य फिटर होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि मध्ये कुणी बोललं की डावा हात वर करायचा. "थांब बे. आधी तिचं ऐकू दे."

तुम्ही जिनिंगमध्ये गेला असाल तर तिथला आवाज तुम्हाला माहीत असेल. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला आम्ही रेचा म्हणतो. असे चोवीस रेचे एकदम चालू असताना शेजारच्या माणसाला हाक ऐकू जात नाही. मामा त्या गोंधळातून सांगायचे, "अकरा नंबरचा रूळ झिजलाय." उघडून बघितलं की झिजलेला असायचा.

शेठनी जिनिंग विकली आणि बाहेरची कंपनी आली. नव्या मॅनेजरनी विचारलं, "मीटर न लावता तुम्हाला बिघाड कसा कळतो?" मामांनी स्क्रूड्रायव्हर सरळ त्यांच्या छातीवर टेकवला, मूठ कानाला लावली. "साहेबांची बेरिंग चांगली हाय. पट्टा ढिला हाय." सगळं खातं हसलं. मॅनेजरही हसले, पण त्यांनी ते लक्षात ठेवलं.

माझे आईवडील दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. मी सातवीत असताना वडील मलाही नेणार होते. मामा आमच्या दारात येऊन उभे राहिले. "पोराच्या हातात कोयता कावून देतो? सहा महिने माझ्याकडं राहील. माझ्या घरात दोन ताटं हायेत, तिसरं मांडू." त्यानंतर सहा हिवाळे मी त्यांच्या घरी जेवलो, त्यांच्या घरी अभ्यास केला. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. बी.कॉम.चा निकाल लागला त्या दिवशी मामा मला तेलकट हातानं धरून शेठसमोर घेऊन गेले. "शेठ, ह्याला टेबलावर बसवा. ह्याचं मराठी लई चांगलं हाय."

नव्या कंपनीनं मला मनुष्यबळ अधिकारी केलं, तात्पुरतं. मी इथला होतो, लोकांची भाषा मला येत होती. तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला पाठवलं. तिथं शिकवलं की लोक बदलाला विरोध करत नाहीत, लादलेल्या बदलाला करतात. म्हणून ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे असा माणूस हेरा आणि बदल त्याच्या तोंडून बोलू द्या. एका तक्त्यात त्या माणसाचं नाव लिहायचं होतं. बाकीचे विचार करत बसले. मी लगेच लिहिलं.

बदल असा होता. आमच्याकडे बावीस बाया डोक्यावरून कापूस आणून रेच्यांवर टाकायच्या. आता तो मोठ्या पाइपातून ओढला जाणार होता आणि आपोआप रेच्यांवर पडणार होता. पाइप बसायला लागले तशा बाया हंगामाआधीची झाडलोट सोडून फाटकाजवळच्या लिंबाखाली बसल्या. त्यांची म्होरकी सोनाबाई. ती मला म्हणाली, "साहेब, कापूस पाइपानं येणार, तर आमी काय रेच्याला ओवाळायला थांबायचं का?"

खंडेनवमीला चाचणी होती. ती झाली तर माझी नोकरी कायम होणार होती. मॅनेजरनी तसं सांगितलं होतं.

मी मामांना बोलावलं. ते आले, बसले नाहीत.

"खरं सांग. बाया राहणार का?"

"राहतील, मामा. साफसफाईला, सरकीकडे लागतीलच की."

"लागतील म्हणतो, का ठेवणार म्हणतो?"

"ठेवणार. माझा शब्द."

माझ्याकडे थोडं बघून ते म्हणाले, "मंग माझाबी."

बावीस नावांची यादी तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात होती. सकाळी मीच टाइप केली होती.

मामा लिंबाखाली गेले आणि बायांच्या मधोमध मातीत बसले. "बाया राहणार. मी सांगतो. न्हाई राहिल्या तर मला हितंच जोडे मारा." सोनाबाई हसली. "भाऊ, तुमी सांगितलं म्हणल्यावर झालं," म्हणाली आणि पदर झटकून उठली. पाच मिनिटांत लिंबाखाली कुणी राहिलं नाही.

दरवर्षी खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की हंगामाची पहिली ओंजळ सोनाबाई रेच्यावर टाकायची. नव्या यंत्रणेत हात घालायला जागाच नव्हती. तरी ओंजळ सोनाबाईचीच असावी, असं मी सुचवलं. जुन्या चालीरीती सोबत घ्या, हेही पुण्यात शिकवलं होतं. मामांनी वरचं झाकण खोलून तिच्यापुरती वाट करून दिली. तिनं हळदकुंकू वाहिलं, कापूस टाकला आणि मी बटण दाबलं. चोवीस रेचे एकदम सुरू झाले. बायांनी टाळ्या वाजवल्या. तो फोटो कंपनीच्या मासिकात आला.

दिवाळीनंतरच्या सोमवारी फाटकावर यादी लागली. नावं नोकरीच्या क्रमानं होती, म्हणून पहिलं सोनाबाईचं.

बाया माझ्याकडे आल्या नाहीत, मामांकडे गेल्या. मी खिडकीतून बघत होतो. सोनाबाईनं पायातली चप्पल काढली आणि मामांच्या हातात दिली. "भाऊ, तूच मारून घे. आमचा हात तुझ्यावर उठत न्हाई." इतकी वर्षं ती त्यांना 'तुमी' म्हणत होती.

बऱ्याच बाया त्याच आठवड्यात ऊसतोडीच्या गाड्यांत बसून गेल्या. ज्या राहिल्या त्यांच्या घरच्यांनी मामांचा पिच्छा पुरवला. हॉटेलात मामांच्या बाकावर कुणी बसेना. त्यांना नवीन नाव पडलं होतं. "काय बे बावीस, चहा घेतो का? का आणखी कुणाला शब्द द्यायला चाललास?" मामा चहा न घेता परत यायचे. मामींना नळावर कुणी पुढे होऊ देईना.

एक दिवस ते माझ्या टेबलाशी आले. "चल."

"कुठं?"

"सोनाबाईच्या दारात. ती गेली न्हाई अजून. मला काई नको तुझ्याकडून. शब्द तुझा होता, एवढं तिला सांग. मी खोटा न्हाई, एवढंच."

"मामा, मी असं बोललो तर कंपनी मला ठेवणार नाही."

"मला गावानं ठिवलंय का?"

मी समोरची फाईल उघडली. मग मी जे म्हणालो ते आजही माझ्याच आवाजात ऐकू येतं. मी म्हणालो, "अर्ज द्या."

त्यांनी अर्ज दिला. वहीच्या रेघांच्या कागदावर, मामींच्या अक्षरात, चार ओळी. 'बाया ठेवणार असे आपण मला सांगितले होते. तरी आपण बायांसमोर येऊन खरे सांगावे ही विनंती.' मी त्यावर आवकचा शिक्का मारला. पुढचे नऊ दिवस कामावर येताना ते माझ्या दारात थांबायचे. तोंडानं विचारायचे नाहीत. मी फायलीत मान घालायचो, ते पुढे जायचे.

मॅनेजर म्हणाले, हा कागद उद्या कामगार न्यायालयात जाईल, आजच उत्तर द्या. त्यांनी इंग्रजीत काही मुद्दे सांगितले. मराठी पत्र मी तयार केलं. कुणी हात धरून लिहून घेतलं नाही. एक वाक्य तर त्यांच्या मुद्द्यांत नव्हतंच. ते मी माझं घातलं, शेवटचं.

मामांचं घर माझ्या टेबलापासून दोनशे पावलांवर होतं. पत्र मी रजिस्टर पोस्टानं पाठवलं. आठवडाभरात मामा-मामी गेले. दिंद्रुडकडे कुठल्याशा जिनिंगवर दिसले असं एकानं सांगितलं. दुसरा म्हणाला, ते नव्हतेच. मी शोधायला गेलो नाही. माझी नोकरी कायम झाली, अजूनही आहे.

माझ्या फायलीतली त्या पत्राची प्रत इथं जशीच्या तशी देतो.

प्रति,
मुख्य फिटर, जिनिंग विभाग

विषय : आपल्या अर्जाबाबत

महोदय,

आपला अर्ज मिळाला. महिला कामगारांना कामावर ठेवण्याबाबत कोणतेही आश्वासन या कार्यालयाने अथवा खाली सही करणाऱ्याने आपणास कधीही दिलेले नाही. असे आश्वासन आपण महिलांना दिले असल्यास ते आपण आपल्या मनाने दिलेले आहे.

नवीन यंत्रणा सुरू करताना आपण केलेल्या सहकार्याची कंपनीने नोंद घेतली आहे. सदर यंत्रणेची देखभाल पुरवठादाराकडे असल्यामुळे आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही.

महिला कामगारांचा गैरसमज दूर व्हावा यासाठी या पत्राची एक प्रत फाटकावरील फलकावर लावण्यात येत असून, एक प्रत श्रीमती सोनाबाई यांना घरपोच देण्यात येत आहे.

कळावे,
मनुष्यबळ अधिकारी