पाहुण्यांनी शेंदलेलं पाणी

आमच्या तेरमध्ये जुने मणी, नाणी बघायला शहरातले पाहुणे येत. त्यांना गाव दाखवायला आमच्या गल्लीतला एक गडी पंचा झटकत सगळ्यांच्या आधी पुढं होई. स्वतःच्या पायताणापासून शेजाऱ्याच्या म्हशीपर्यंत सगळं तो 'दोन हजार वर्सांचं' म्हणून दाखवी.

दुष्काळात विहीर इतकी खोल गेली, की पाणी शेंदून बायांचे हात सोलून निघत. पुण्याच्या पाहुण्यांना नेमका या बायांचाच, डोक्यावर घागरी घेतलेला फोटो हवा होता. माझं डोकं तापलं.

"हाकला यांना! आपल्या तहानेचा तमाशा बघायला आलेत."

"गप रं, पुढारी," तो म्हणाला आणि पाहुण्यांकडं वळला. "आमच्यात लई जुनी रीत हाय, साहेब. आधी पाहुण्यानं पाणी शेंदायचं, मग फोटू."

पाहुण्यांनी हौसेनं दोर धरला. गल्लीतल्या सगळ्या घागरी भरेपर्यंत त्यानं तो सोडू दिला नाही.

"दमानं वढा, सांडतंय की!" लिंबाखालून माझी चुलती ओरडली.

शेवटी पाहुण्यांनी कॅमेरा काढला आणि बाया घागरींकडं निघाल्या. त्यानं त्यांना हातानंच खाली बसवलं.

"आता काढा," तो म्हणाला. "आमच्या बाया बसलेल्या कवा घावत न्हायत."