टोकाला थांबलेला नारळ

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. एका नारळानं माझी जी वाट लावली, ती आमच्या बापालाही उभ्या जन्मात जमली नाही.

घरोघरी रंगीत टीव्ही येत होते तेव्हाची गोष्ट. मी मुलुंडला कॉलेज सोडून बसलो होतो. का? फिजिक्सच्या पेपरात सरांनी माझं एक उत्तर चूक दिलं. मी विचारलं, का चूक? सर म्हणाले, "नोट्स दिल्यात ना? लिहून घेतल्यास ना? मग?" मी वही त्यांच्याच टेबलावर ठेवली आणि बाहेर पडलो.

तीर्थरूप म्हणाले, "जूनपर्यंत काहीतरी करून दाखव. नाहीतर गुपचूप त्या सरांची माफी मागायची."

माफी? त्यापेक्षा मी शेजारच्या परबकाकूंच्या सुषमाची ट्यूशन धरली. दहावीची पोरगी. आधी तिला तळमजल्यावरचे कोलते मास्तर शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, झोपाळ्यावर बसून "लिहून घे" म्हणायचे. पोरीला न्यूटनचे तिन्ही नियम पाठ, तरी जड वस्तू आधी पडते ही श्रद्धा कायम.

माझ्याकडे "लिहून घे"ला बंदी. तुला काय वाटतं ते बोल, मग करून बघू. बस.

मास्तरांनी काकूंचे कान भरले. "खेळ चाललाय नुसता. बोर्डात खेळाला मार्क असतात का?"

"आयतवारी दोघांनी माज्यासमोर शिकवा," काकू म्हणाल्या. "मगे बघतंय."

रविवारी मी सुषमाच्या हातात काकूंचा नारळ आणि एक लिंबू दिलं. गॅलरीखाली बांधकामाच्या रेतीचा ढीग होता.

"आधी काय पडेल?"

"नारळ."

"टाक."

दोन्ही एकदमच पडले. सुषमा बघतच राहिली. मी मास्तरांकडे असं बघितलं, की माणसानं लाजून झोपाळा विकावा.

मास्तर कसले लाजतात. आम्ही खाली ढिगाजवळ गेलो तर म्हणाले, "हाच नारळ सरळ वर फेकला. टोकाला क्षणभर थांबला. तेव्हा त्याच्यावर बल किती?"

देवच पावला. मी कॉलेज सोडलं ते ह्याच प्रश्नावरून.

"शून्य," मी म्हणालो. "थांबलाय ना तो. पण तुमच्या पिढीला विचार करायची सवयच नाही, त्याला कोण काय करणार."

"चूक. लिहून घे..."

"लिहून नको, मास्तर," सुषमा मध्येच म्हणाली. "दादा, टोकाला तो थांबणार आणि त्याला ओढणारं कोणी नसणार, बरोबर?"

"बरोबर."

"मग तो तिथेच राहणार?"

मी रेतीतला नारळ उचलला.

"करून बघू," ती अगदी माझ्या सुरात म्हणाली. "फेक."

फेकला. आणि खोटं कशाला बोलू, मी मनात म्हणत होतो, थांब रे बाबा, माझी इज्जत तुझ्या शेंडीला आहे. तो थांबला. मग आला, थेट माझ्या अंगठ्यावर.

"टोकाला वेग शून्य होतो, दादा," सुषमा म्हणाली. "पृथ्वी ओढायची थोडीच थांबते?"

एवढं एक वाक्य त्या सरांना बोलता आलं असतं, तर मी आज पदवीधर असतो.

"मगे हेका कोण शिकवतलो?" काकूंनी सुषमाकडे बोट दाखवून विचारलं. मास्तर खुशीत पुढे सरकले, तर काकू म्हणाल्या, "तुमी ऱ्हवा. चेडू इचार करूक शिकला ता ह्याच्याकडेच."

ट्यूशन टिकली. माफी टळली. सुषमानं अट फक्त एकच घातली: यापुढे वही मी आणायची.